शुगर ‘खानदानी’ असते म्हणजे काय?

आपल्या घरांत शुगरविषयी एक वाक्य ठरलेले आहे. “आमच्या खानदानातच आहे.” ते दोन वेळी हमखास ऐकू येते. एक म्हणजे दावतीत शीरखुर्म्याची दुसरी वाटी पुढे येते तेव्हा. “अब्बांना होती, दादांना होती, मला होणारच. मग आज कशाला तोंड बांधायचे?” दुसरी वेळ रिश्ता ठरवतानाची. मुलगी शिकलेली, घर चांगले, सगळ्यांना पसंत. मग कोणी खाला हळूच कानात सांगते की मुलीच्या अम्मीला इन्सुलिन चालू आहे, आणि दोन दिवसांनी निरोप येतो, “सध्या थांबू या.” पहिल्या वेळी ‘खानदानी’ हा शब्द माफीनामा असतो, दुसऱ्या वेळी तो आरोपपत्र होतो.

दोन्ही वेळी आपण असे धरून चालतो की शुगर ही अम्मीच्या पाटल्यांसारखी आहे. आईच्या हातातून निघते आणि जशीच्या तशी मुलीच्या हातात येते. हे कितपत खरे आहे याचा शोध जगभरचे शास्त्रज्ञ गेली पंचवीस-तीस वर्षे घेत आहेत. त्यात नायजेरिया आणि घानासारखे आफ्रिकेतले देश आहेत, आणि आपले पुणेही आहे. पुण्याच्या कामाचे नाव परदेशात मोठे आहे. इथे कोल्हापुरात मात्र मी शिक्षक-पालक बैठकीत विषय काढला तेव्हा कोणी त्याविषयी ऐकलेले नव्हते.

आधी आकडा सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर आहेत, म्हणजे त्यांची शुगर नेहमीपेक्षा जास्त आहे पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. प्रौढांमध्ये दर नऊ जणांमागे एकाला हा आजार आहे. ‘शुगर नसलेले खानदान’ शोधून रिश्ता करायचा म्हटले तर पैगाम पाठवायला घर उरणार नाही.

नुक्त्याचा फरक

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे जनुकांचे सांगताना मला नुक्ता आठवतो. उर्दूत ‘हाल’ लिहा. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक नुक्ता द्या, ‘खाल’ झाले, म्हणजे गालावरचा तीळ. तोच नुक्ता पोटात द्या, ‘जाल’ झाले, म्हणजे जाळे. मराठीत ‘वश’वर अनुस्वार दिला की ‘वंश’ होतो. एका ठिपक्याने अर्थ बदलतो. पण प्रत्येक ठिपक्याने बदलत नाही. मुलांच्या वह्यांत मी रोज शेकडो ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते, त्यांतल्या बहुतेकांनी वाक्याचा अर्थ काही बिघडत नाही.

माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. कोणत्याही दोन माणसांच्या मजकुरात साधारण हजारात एका अक्षराचा फरक निघतो. काही आजारांत एकाच ठिकाणची चूक सगळा अर्थ बिघडवते. थॅलेसेमिया हा तसा आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. म्हणून नात्यातला निकाह ठरवताना दोघांची थॅलेसेमियाची तपासणी जरूर करावी. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, आणि या भागातल्या हिंदू कुटुंबांतही मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, तेव्हा हा सल्ला सगळ्यांनाच लागू.

शुगरचे गणित असे नाही. इथे मी बोलते आहे ते मोठेपणी होणाऱ्या, ‘टाइप टू’ म्हणतात त्या नेहमीच्या मधुमेहाविषयी. त्यात एक मोठी चूक नसते. शेकडो ठिकाणी विखुरलेले बारीक फरक असतात आणि प्रत्येक फरक पारडे किंचित झुकवतो. त्यांतले काही तुमच्यात आहेत, काही माझ्यात, काही ज्या घराने रिश्ता मोडला त्या घरातही आहेत.

यातला सर्वांत वजनदार म्हणावा असा फरक २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना सापडला. ज्या जनुकात तो आहे त्याचे नाव टीसीएफ७एल२. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. त्याचे काम इन्सुलिन पुरेसे आणि वेळेवर सुटण्याशी जोडलेले आहे. पण ‘सर्वांत वजनदार’ म्हणजे किती? जिथे शंभरात दहा जणांना मधुमेह व्हायचा, तिथे या फरकाची एक प्रत असलेल्या शंभरांत तेरा-चौदा जणांना होतो. उरलेल्या शहाऐंशींना तो फरक अंगात असूनही होत नाही.

पुण्यातले रक्त

आइसलँडच्या गोऱ्या लोकांत सापडलेली गोष्ट आपल्यात लागू पडते का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटांनी हे तपासले. पुण्यातल्या नऊशेहून अधिक मधुमेही आणि सुमारे चारशे निरोगी माणसांचे रक्त घेऊन त्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष दिला. टीसीएफ७एल२चा दोष आपल्यातही आहे आणि तो तसाच काम करतो.

दोन वर्षांनी याच मंडळींनी दुसरे एक जनुक तपासले, एफटीओ. युरोपात याची ओळख ‘जाडीचे जनुक’ अशी. तिथले म्हणणे असे की हा फरक माणसाला आधी जाड करतो आणि जाडीमुळे मधुमेह होतो. आपल्या लोकांत मात्र त्याचा मधुमेहाशी संबंध पक्का निघाला, जाडीशी कच्चा. जाड न होताही माणूस मधुमेहाकडे जात होता.

वाचकांनी हे आपल्या मोहल्ल्यात पाहिलेले असेल. काडीसारखा माणूस, सायकलवर फिरणारा, आणि चाळिशीत शुगर. “याला कशी झाली?” म्हणून सगळे चकित. याज्ञिकांनी याचे उत्तर एका छायाचित्रातून दिले, ते २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. छायाचित्रात दोन डॉक्टर शेजारी उभे आहेत, एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पाहणारा दोघांनाही सडपातळ म्हणेल. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. काट्यावर पाहून ते कळत नाही. माझ्या मते प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हे छायाचित्र लावावे. ‘मी तर बारीक आहे’ ही समजूत आपल्याकडे फार महागात पडते.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठाबरोबर केलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही हाच धागा दिसतो. पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या पुण्यातल्या रुग्णांचे गट पाडले तर सर्वांत मोठा गट निघाला तो इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा. स्वीडनमध्ये हा गट लहान आहे.

आफ्रिकेत कशासाठी जायचे?

आता थोडे लांब जाऊ. खरे तर फार लांब नाही. मुरूडचा जंजिरा आपण सहलीत पाहिलेला असतो. तिथले सिद्दी नवाब आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. कोल्हापुरातून बेळगाव ओलांडून खाली हल्याळ, यल्लापूरकडे गेले की आजही सिद्दींच्या वस्त्या लागतात, मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या. २०११ मध्ये हैदराबादच्या त्याच केंद्राने सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या वारशाचा ६० ते ७५ टक्के भाग आफ्रिकी निघाला, बाकीचा इथलाच. आपल्या आणि आफ्रिकेच्या मधला समुद्र आपल्या पूर्वजांनी कधीच ओलांडलेला आहे.

शास्त्रज्ञांना आफ्रिकेचे महत्त्व दुसऱ्या कारणाने आहे. माणूस तिथलाच. तिथून काही टोळ्या बाहेर पडल्या आणि त्यांच्यापासून बाकी सारे जग झाले. म्हणून जनुकांतली सर्वाधिक विविधता आजही आफ्रिकेत आहे. बाकीच्या आपण सर्वांनी मिळून त्या मोठ्या ग्रंथाची काही पानेच बरोबर आणली. असे असूनही आजारांची जनुके शोधताना बहुतेक वेळा रक्त घेतले गेले युरोपीय वंशाच्या लोकांचे. २०१६ मध्ये मोजदाद झाली तेव्हा अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि आफ्रिकी वंशाचे जेमतेम तीन टक्के. माझ्या मते विज्ञानातली ही मोठी बेइन्साफी आहे, आणि तिचे नुकसान केवळ आफ्रिकेचे नाही.

नुकसान कसे, ते वर्गातल्या उदाहरणाने सांगते. दोन मुले कायम एकाच बाकावर बसतात, एकत्र येतात, एकत्र दांडी मारतात. बाकावर कोरीव काम झाले तर कोणी केले हे शिक्षकाला कसे कळणार? दुसऱ्या वर्गात तीच दोन मुले वेगवेगळ्या बाकांवर बसत असतील तर लगेच कळते. जनुकांचेही असेच आहे. युरोपीय लोकांत शेजारशेजारची अक्षरे लांबवर एकत्रच पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यामुळे खरा दोषी कोण आणि शेजारी कोण हे सांगता येईना. आफ्रिकेत मजकूर जुना, त्यामुळे शेजारी कधीच वेगळे झालेले. २००७ मध्ये टीसीएफ७एल२ जनुकातले नेमके कोणते अक्षर दोषी हे ठरवायला पश्चिम आफ्रिकी लोकांच्या नमुन्यांची मदत झाली. म्हणजे पुण्यातल्या रुग्णात जो दोष मोजला जातो, त्याचा नेमका पत्ता आफ्रिकेने पक्का करून दिला.

नायजेरियात जन्मलेले शास्त्रज्ञ चार्ल्स रोटिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नायजेरिया आणि घानामध्ये, पुढे केनियातही, मधुमेही आणि निरोगी माणसांचे रक्त गोळा केले. पाच हजारांहून अधिक माणसांच्या जनुकांवरचा त्यांचा अहवाल २०१९ मध्ये आला. टीसीएफ७एल२ तिथेही पहिल्या क्रमांकावर होते. पण आणखी एक जनुक सापडले जे मधुमेहाशी जोडलेले आहे असे तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते, झेडआरएएनबी३. त्याचे काम पाहायला त्यांनी झेब्रा मासा वापरला. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याच्यात ते जनुक बंद केले तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची संख्या घटली.

तीन महिन्यांची शुगर आणि आपल्या बायकांचे रक्त

आफ्रिकी वंशाच्या लोकांकडे पाहिल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली, आणि ती थेट आपल्या उपयोगाची आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए१सी ही तपासणी आता घरोघर माहीत आहे. रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली आहे ते त्यात मोजतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेले असते. पण जी६पीडी नावाच्या जनुकात एक फरक असलेल्यांत पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि शुगर असूनही अहवाल चांगला येतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत हा फरक आहे. २०१७ च्या एका अभ्यासाने अंदाज केला की केवळ याच तपासणीवर विसंबले तर अमेरिकेत अशा साडेसहा लाख लोकांचा मधुमेह निसटू शकतो.

जी६पीडीची कमतरता महाराष्ट्रातही आढळते, आणि थॅलेसेमियाचे वाहक किंवा विदर्भ-खानदेशातल्या आदिवासी भागांतले सिकलसेलचे वाहक यांच्यातही एचबीए१सी फसवू शकते. आपल्या बायकांत सर्वांत मोठे कारण वेगळे आहे, लोहाची कमतरता. अंगात रक्त कमी असेल तर लाल पेशी जास्त दिवस रेंगाळतात आणि अहवाल उगाच वर दिसू शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन कमी असलेल्या किंवा घरात थॅलेसेमिया असलेल्या बाईने एचबीए१सीचा एकटा कागद पाहून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. डॉक्टरांना तसे सांगावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगरही तपासून घ्यावी.

सहा गावांतल्या आया

आता पुन्हा पुण्याकडे येते, कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम पुढे आहे. सगळी जनुके जमेला धरली तरी आपल्याला शुगर इतकी का होते, इतक्या लवकर का होते, बारीक असून का होते, हे पुरते उलगडत नाही. जनुके हजारो वर्षांत बदलतात. शुगर तर दोन पिढ्यांत वाढली. मग खानदानातून आणखी काय येते?

केईएमच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळची सहा गावे निवडली. कोरडवाहू शेती, विहिरीचे पाणी, बायका रानात राबणाऱ्या. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद केली. महिन्या-महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची, दिवस राहिले की तिथून पुढे तिचे जेवण, वजन, काम, रक्त सगळे मोजायचे. सातशेहून अधिक बाळे जन्मली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. बाळ लहान, दंड बारीक, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती जवळजवळ इंग्लिश बाळाएवढी. ‘बारीक पण चरबीदार’ माणूस जन्मतःच तसा होता. तो घडला होता आईच्या पोटात.

आणि आईच्या ताटात काय होते? भाकरी होती, पोट भरत होते. पण ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध जास्त घेत होत्या त्यांची बाळे चांगली भरली. ज्या गरोदरपणात जास्त कष्टाची कामे करत होत्या त्यांची बाळे लहान निघाली. रक्त तपासले तेव्हा दोन-तृतीयांश आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलिक अॅसिड भरपूर आणि बी-१२ कमी, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होते. याचा अर्थ फॉलिक अॅसिडची गोळी टाकून द्या असा अजिबात नाही. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच. अर्थ इतकाच की तिच्या जोडीला बी-१२ हवे.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आणि मुलींपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याएवढ्या जणांची शुगर नेहमीपेक्षा जास्त निघाली. अठराव्या वर्षी! आणि यांतली जवळजवळ निम्मी वजनाने कमी होती.

बी-१२ मिळते गोश्त, कलेजी, मासे, अंडी, दूध, दही यांतून. पालेभाजीत ते नसते. कोणी म्हणेल, हा शाकाहाऱ्यांचा प्रश्न आहे, आपल्या दस्तरखानावर तर गोश्त असतोच. असतो, पण किती दिवसांनी आणि कोणाच्या ताटात? आपल्या कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा प्रसिद्ध आहे. घरात आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली, शेवटी सून आणि अम्मी. फोडी वरच्या पंगतीत संपतात आणि खाली रस्सा उरतो. सगळ्याच घरांत असे नसते, पण माझ्या वर्गातल्या मुलींना विचारले तर अर्ध्याहून जास्त माना खाली जातात. सकाळी त्यांच्या डब्यात चपाती आणि लोणचे किंवा दुकानातले पुड्यातले काहीतरी. दूध “भावाला लागते”. या मुली पाच-सात वर्षांत आई होतील. ‘आमच्या खानदानात शुगर आहे’ असे त्यांच्या मुलांना सांगितले जाईल, आणि त्यातला किती भाग जनुकांचा आणि किती भाग या डब्याचा हे कोणी विचारणार नाही. आई-वडिलांकडून आलेली अक्षरे आपल्याला बदलता येत नाहीत. सुनेचे ताट मात्र आज रात्री बदलता येते.

एक गोष्ट जाता जाता. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होते. घरातल्या अब्बा-अम्मींच्या पायांना मुंग्या येत असतील तर ‘शुगरमुळेच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना बी-१२ तपासायचे का हे विचारावे.

शंभरातले वीस

खानदानाचे वजन नेमके किती धरायचे? चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या मधुमेह संशोधन संस्थेने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपत्रिका केली. रक्त लागत नाही, शिंप्याची टेप पुरे. एकूण गुण १००, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

वयाचे जास्तीत जास्त ३० गुण. ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी गाठली की ३०. कमरेचे २०. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ असेल तर १०, त्यापुढे २०. पुरुषाला हीच मापे ९० आणि १०० ची. हालचालीचे ३०. बैठे काम आणि व्यायाम काहीच नाही तर पुरे ३०, नियमित कष्ट किंवा व्यायाम असेल तर शून्य. आणि खानदानाचे? आई किंवा वडील एकाला असेल तर १०. दोघांनाही असेल तर २०. साठ किंवा त्याहून जास्त गुण झाले तर धोका मोठा, लगेच रक्त तपासावे.

ज्याच्या अम्मी-अब्बा दोघांना शुगर आहे त्याला खानदानाने शंभरात वीस दिले. कंबर आणि बैठकीचे मिळून पन्नास आहेत. दावतीत जो “होणारच” म्हणतो त्याने आपले हे गुण तिथेच बसल्या जागी काढून पाहावेत. चेन्नईतच डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या लोकांना तीन वर्षे रोजचे चालणे आणि जेवणातले बदल पाळायला लावले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. २००६ चा हा निष्कर्ष आहे. त्यांतल्या कित्येकांच्या घरात आधीपासून शुगर होतीच.

मग जनुकांच्या तपासणीचा रुग्णाला काहीच उपयोग नाही का? नेहमीच्या मधुमेहात आज तरी फारसा नाही, आणि त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. पण दोन-तीन ठिकाणी तो फार मोठा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर जनुक तपासणी केलीच पाहिजे, कारण अशा काही बाळांचे इन्सुलिन सुटून साध्या गोळीवर भागते. तरुणपणी, पंचविशीच्या आसपास शुगर, अंगाने बारीक, आणि आजोबा-वडील-मुलगा अशी सरळ रांग, तर तो एकाच जनुकाचा ‘मोडी’ नावाचा प्रकार असू शकतो. त्यातही औषध बदलते. ‘पाटल्यांसारखी’ येणारी शुगर कुठे असेलच तर ती हीच, आणि ती फार थोड्यांना असते. आणि तरुण रुग्णाचा मधुमेह टाइप वन की टाइप टू असा घोळ होतो तेव्हा जनुकांवरून काढलेला गुणांक भारतीयांतही उपयोगी पडतो, हे पुण्याच्या रुग्णांवर इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठासह केलेल्या कामातून २०२० मध्ये दिसले. युरोपात बनलेले माप इथे हुबेहूब बसत नाही हेही त्यातच कळले.

रिश्त्याच्या वेळी लपवालपवी होते ती भीतीपोटी. मला वाटते, विचारावे जरूर, पण सून घरी आल्यावर उपयोगी पडेल म्हणून विचारावे. तिच्या आईला शुगर असेल तर तिला गरोदरपणात शुगर होण्याची शक्यता जास्त. म्हणून दिवस राहिल्याबरोबर एकदा आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास तिची शुगर तपासायची. सरकारी दवाखान्यातही गरोदरपणाच्या तपासण्यांत ही तपासणी आहे. बाळंतपणानंतर शुगर उतरली तरी दरवर्षी एकदा पाहायची, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. ज्या घराने हे आधी विचारले नाही त्या घराला ते उशिरा कळते.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतले काम अजून संपलेले नाही. १९९३ नंतर जन्मलेल्या मुली २०१२ मध्ये वयात आल्या होत्या. त्यांच्यातल्या आणि त्यांच्या बरोबरीच्या मुलांतल्या काहींना लग्नाच्या आधीपासून, दिवस राहण्याच्याही आधीपासून, बी-१२ ची गोळी द्यायला सुरुवात झाली. रोजच्या जेवणातून मिळावी तितकीच छोटी मात्रा. काहींना बी-१२ सोबत इतर जीवनसत्त्वे आणि दुधाची भुकटी, काहींना नुसतीच बिनऔषधाची गोळी, म्हणजे तुलना करता यावी. त्या मुली आता आया झाल्या आहेत. ज्यांना बी-१२ मिळाले त्यांची बाळे दोन वर्षांची झाल्यावर बोलण्या-समजण्याच्या चाचण्यांत पुढे निघाली, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बाळांना पुढे शुगर कमी होईल का, याचे उत्तर यायला ती मोठी व्हावी लागतील. आज ती प्राथमिक शाळेत आहेत.